मदत हवी आहे: छोट्या मशीन शॉपमध्ये गुणवत्ता सुधारणा कशी रुजवायची?

शॉपफ्लोअर_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतलं युनिट आहे. बारा सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, दोन पाळ्या, निम्म्याहून जास्त ऑपरेटर कंत्राटी. मुख्य जॉब म्हणजे एका वाहन-पुरवठादारासाठी शाफ्ट: 25 मिमी व्यास, सहनमर्यादा (मापात चालणारा फरक) +0 / -0.021 मिमी. रजिस्टरवर रिजेक्शन 3.8 टक्के दिसतं, पण ग्राहकाच्या लाइनवरून येणाऱ्या तक्रारी त्या मानाने फार आहेत.

यापूर्वी फाइव्ह-एस (जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) झालं, सूचनापेटी बसवली, क्वालिटी सर्कलही (कामगारांचा सुधारणा गट) काढलं. तीन महिन्यांत सगळं थंड पडलं. आता ग्राहकाने लेखी सुधारणा आराखडा आणि दरमहा प्रगती मागितली आहे. सीपीके (मशीनचं माप सहनमर्यादेत किती आरामात बसतं याचा आकडा) 1.33 हवा, असंही कळवलं आहे.

प्रश्न असे: सुरुवात कुठून करावी? गटात कोण असावं, त्यांना वेळ कधी द्यावा? आणि इथे चुकीच्या जॉबमागे दंड कापायची पद्धत आहे, तिचं काय करावं?

गुण्या

आराखड्याआधी तुमचा आकडा तपासा. 3.8 टक्के हे फक्त भंगारात गेलेले जॉब असणार. 500 जॉब लावले, 19 भंगारात गेले, 45 पुन्हा मशीनवर घेऊन पास केले, तर रजिस्टर 3.8 टक्केच म्हणेल. पण पहिल्या फेरीत बरोबर निघाले फक्त 436, म्हणजे 87.2 टक्के. रिवर्क मोजायला लागा. तुमच्या तक्रारींचा उगम बहुधा तिथेच सापडेल, कारण रिवर्क झालेला जॉब सहसा घाईत आणि वेगळ्या सेटिंगवर होतो.

मग मोजमाप. ऑपरेटरच्या हातात 0.01 लघुतम मापाचा मायक्रोमीटर असेल, तर 0.021 ची सहनमर्यादा म्हणजे त्याच्यासाठी जेमतेम दोन घरं. सहनमर्यादेच्या दहाव्या भागापर्यंत वाचता येणारं साधन लागतं. म्हणजे इथे 0.001 चा डिजिटल मायक्रोमीटर, नाहीतर हवेच्या दाबावर मोजणारं एअर गेज.

साधन बदललं की गेज आर-अँड-आर करा, म्हणजे साधनामुळे आणि मोजणाऱ्यामुळे मापात किती फरक पडतो याची चाचणी. दहा जॉब निवडा, पण सगळे मधल्या मापाचे नकोत. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पसरलेले हवेत. तीन माणसं, प्रत्येकाने प्रत्येक जॉब किमान दोनदा मोजायचा, आधीचं वाचन न बघता. निकाल 10 टक्क्यांच्या आत आला तर उत्तम, 10 ते 30 मध्ये आला तर कामाचं महत्त्व बघून चालवता येतो. 30 च्या वर गेला तर पुढचं सगळं थांबवा. त्या साधनाने काढलेल्या कुठल्याही आलेखाला अर्थ उरत नाही.

आणखी एक, जे फार ठिकाणी सुटतं: जॉब गरम असताना मोजू नका. पोलादाचा 25 मिमीचा शाफ्ट 20 अंशांनी गरम असेल, तर व्यास साधारण 6 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) जास्त दिसतो. तुमच्या 21 मायक्रॉनच्या जागेतला जवळजवळ तिसरा हिस्सा. ऑपरेटरला जॉब मोठा वाटतो, तो ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) कमी करतो, आणि तोच जॉब थंड झाल्यावर लहान निघतो. त्याची नोंद प्रामाणिक असते, तरी ग्राहकाकडे जॉब नापास होतो.

क्यूए_कोल्हापूर

गुण्या यांच्याशी पूर्ण सहमत. मोजमाप ठीक झाल्यावर एकच मशीन, एकच जॉब, एकच माप घ्या. बाराच्या बारा मशीनवर एकदम सुरू केलेला कार्यक्रम टिकत नाही, कारण मागे लागणारी माणसं तेवढी नसतात.

दर तासाला सलग निघालेले पाच जॉब मोजा, असे 25 गट होऊ द्या. प्रत्येक गटाची सरासरी आणि रेंज (सर्वांत मोठं वजा सर्वांत लहान माप) काढून आलेखावर मांडा. समजा सरासरी रेंज 8 मायक्रॉन आली. मग सरासरीच्या आलेखाची सीमा मध्यरेषेपासून 0.577 (पाचच्या गटासाठी ठरलेला गुणक) गुणिले 8, म्हणजे वर-खाली 4.6 मायक्रॉन. रेंजची वरची सीमा 2.114 गुणिले 8, म्हणजे 16.9. या सीमा मशीनने स्वतः दाखवलेल्या असतात. ड्रॉइंगवरची सहनमर्यादा त्या आलेखावर आखू नका, नाहीतर ऑपरेटर तिच्याकडेच बघत राहतो.

आता त्याच 8 वरून पुढचा हिशोब. 8 ला 2.326 या तशाच ठरलेल्या आकड्याने भागलं की प्रमाण विचलन 3.44 मायक्रॉन. त्याची सहापट 20.6, आणि तुमची जागा 21. म्हणजे सीपी (मशीन मधोमध आहे असं धरून काढलेला सीपीके) 1.02. मशीन अगदी मधोमध ठेवलं तरी 1.33 येणार नाही. त्यासाठी सरासरी रेंज 6 मायक्रॉनच्या आसपास उतरायला हवी, आणि ती ऑफसेट फिरवून उतरत नाही. सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे चकचे मऊ जबडे) नीट बोअर केलेले आहेत का, चकचा दाब, टेलस्टॉकची (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) रेषा, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलायचा टप्पा, कूलंटची तीव्रता, हे एकेक करून बघावं लागतं.

ऑफसेटला उगाच हात लावणं हे चढउतार वाढण्याचं मोठं कारण. एक जॉब 3 मायक्रॉन मोठा निघाला म्हणून लगेच 3 कमी केले, तर पुढचा जॉब नैसर्गिक चढउताराने आधीच लहान येणार असेल, तर तो आणखी लहान होतो. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग फनेल आणि गोटीच्या प्रयोगाने हेच दाखवत असत. नियम असा ठेवा: बिंदू सीमेबाहेर गेला किंवा सलग सात बिंदू एकाच बाजूला आले, तरच हात लावायचा. मात्र टर्निंगमध्ये इन्सर्ट झिजतो तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो, त्यामुळे आलेखाला चढ दिसणारच. तो चढ मोजा आणि 'इतक्या जॉबनंतर इतके मायक्रॉन' असा ठरलेला ऑफसेट लिहून मशीनवर लावा.

दुसरी_पाळी

वर सांगितलेलं सगळं योग्य आहे, पण दंड चालू असेपर्यंत यातलं काहीच खरं उतरणार नाही. दंड असला की माणूस नापास जॉब लपवतो, चांगल्यांच्या ट्रेमध्ये मिसळतो किंवा कागदावर मधलं माप लिहितो. आलेख सुरेख दिसतो आणि माल परत येतो. दंड आधी बंद करा. आणि मालकांना व ग्राहकाला आधीच सांगून ठेवा की पहिल्या महिन्यात रिजेक्शनचा आकडा वाढेल, कारण लपलेला माल वर येईल. हे आधी सांगितलं नाही, तर तो वाढलेला आकडा बघूनच कार्यक्रम गुंडाळला जातो.

गटात पाच-सहा जण पुरेत: दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर, एक सेटर (मशीन जुळवून देणारा), एक इन्स्पेक्टर, देखभालीचा एक. कंत्राटी ऑपरेटरला वगळू नका, जॉब तोच काढतो. बैठक आठवड्यातून एकदा, पाळी बदलताना अर्धा तास. जो पाळी संपवून थांबतो त्याला त्या अर्ध्या तासाचा ओव्हरटाइम द्या. सर्कल थंड पडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, फुकटचा वेळ. सर्कलची कल्पना जपानमध्ये 1962 पासून रुजली ती ऐच्छिक गट म्हणून. भारतात 1980 मध्ये भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यात सुरू झाली. नावं सक्तीने भरलेला गट फक्त हजेरी लावतो.

सूचनापेटीबद्दल: आठवड्याच्या आत उत्तर मिळत नसेल तर पेटी काढून टाका. 'नाही, कारण अमुक' हेही उत्तर चालतं. काहीच न कळणं माणसाला लागतं.

शॉपफ्लोअर_भोसरी

मनापासून आभार. दंड थांबवायला मालक तयार आहेत. पण इन्सेंटिव्ह जॉबच्या संख्येवर आहे. तो फक्त पास जॉबवर द्यावा का? शिवाय दुसऱ्या पाळीत रिजेक्शन जास्त दिसतं, सुपरवायझर म्हणतात तिथे निष्काळजीपणा आहे.

एका मित्राने आधी झेड (ZED, लघुउद्योगांसाठीची केंद्र सरकारची गुणवत्ता योजना) प्रमाणपत्र घ्या असंही सुचवलं आहे.

दुसरी_पाळी

फक्त पास जॉबवर दिलात तर लपवालपवी पुन्हा सुरू होईल. ऑपरेटरने स्वतः नापास म्हणून लाल ट्रेमध्ये टाकलेला जॉब इन्सेंटिव्हमधून कापू नका. अंतिम तपासणीत किंवा ग्राहकाकडे सापडलेले जॉब वेगळे मोजा आणि ते पूर्ण लाइनच्या, दोन्ही पाळ्यांच्या सामायिक हिशोबात धरा.

गुण्या

'निष्काळजीपणा' हे कारण कागदावर लिहूच देऊ नका. तिथे थांबलं की पुढे शोधायला काही उरत नाही. दुसऱ्या पाळीचा आकडा आधी मशीनवार फोडा. बरेचदा एकाच मशीनचा दोष पूर्ण पाळीच्या माथी बसतो.

मग पाळी बदलण्याची वेळ बघा. येणारा ऑपरेटर आपल्या मायक्रोमीटरने पहिला जॉब मोजतो आणि ऑफसेट बदलतो. दोघांच्या मायक्रोमीटरमध्ये 4-5 मायक्रॉनचा फरक असेल, तर दर पाळीला मशीन विनाकारण हलतं. मशीनजवळ 25 मिमीचा एक सेटिंग मास्टर (अचूक मापाचा नमुना) ठेवा. दोघांनी एकमेकांसमोर त्यावर शून्य जुळवायचं आणि मगच चावी द्यायची. जेवणाच्या सुटीत मशीन बंद राहत असेल तर सुरू करताना स्पिंडल 15-20 मिनिटं रिकामं फिरवा, कारण थंड मशीनवर पहिले जॉब सरकतात.

क्यूए_कोल्हापूर

झेड चांगली योजना आहे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे स्तर आहेत, आणि प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना 80, लघुंना 60 टक्के सवलत मिळते. पण तुमच्या ग्राहकाला शाफ्टचा व्यास हवा आहे, म्हणून ते नंतर घ्या. दरमहा अहवालात त्याला तीनच गोष्टी द्या: पहिल्या फेरीत बरोबर निघालेल्या जॉबची टक्केवारी, त्या एका मशीनचा आलेख, आणि त्या महिन्यात बदललेली एक गोष्ट तिच्या आधीच्या व नंतरच्या रेंजसह. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर रेंज कशाने उतरली हे कळत नाही. सॉफ्ट जॉपासून सुरुवात करा, तो बदल सर्वांत स्वस्त आहे.

शॉपफ्लोअर_भोसरी

ठीक. गेज आर-अँड-आरसाठी सर्वांत अनुभवी तिघे निवडतो.

गुण्या

तिघेही अनुभवी नकोत. रोज त्या मशीनवर उभे राहणारे तिघे घ्या, त्यात एक तरी सर्वांत नवा.