जुन्या, स्वस्त गाडीने हौशी मोटरस्पर्धेत उतरायचे आहे. पैसे आधी कशावर खर्च करावेत?

तिसरा_गिअर

नमस्कार. माझ्याकडे पंधरा वर्षांहून जुनी, १३०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिन तेल खात नाही, गिअर नीट पडतात, पत्रा एकदोन ठिकाणी गंजला आहे. ही गाडी घेऊन हौशी चालकांच्या ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोकळ्या डांबरी मैदानावर शंकू मांडून आखलेल्या मार्गावर एकेका गाडीची वेळ मोजतात त्या स्पर्धेत, भाग घ्यावा असे फार दिवसांपासून मनात आहे. ते जमले तर पुढे ट्रॅकवरही उतरायचे आहे. गाडी रोजच्या वापरातली आहे आणि ती तशीच राहायला हवी. मित्रांचा आग्रह आहे की आधी फ्री-फ्लो एक्झॉस्ट, वेगळा एअर फिल्टर आणि गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घ्याव्यात. पैसे बेताचे असल्यामुळे सगळेच एकदम करता येणार नाही. तेव्हा सुरुवात कशापासून करावी, आणि रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पोलादी नळ्यांचा पिंजरा) व चार पट्ट्यांचा हार्नेस (स्पर्धेचा सीटबेल्ट) आताच बसवून घ्यावा का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

ऑइलगेज

एक्झॉस्टचा विचार सध्या बाजूला ठेवावा. टर्बो नसलेल्या लहान इंजिनाला फिल्टर आणि एक्झॉस्ट बदलून मिळणारी ताकद इतकी थोडी असते की चालक नवखा असताना ती घड्याळात दिसतही नाही. आवाज मात्र वाढतो, आणि जिथे आवाजावर मर्यादा असते तिथे तेवढ्यावरून गाडी परत पाठवली जाऊ शकते. माझ्या मते पहिला खर्च ब्रेकवर व्हावा.

ब्रेकना जी ऊर्जा पचवावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १००० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ९६ किलोज्यूल उष्णता तयार होते, तर ताशी १०० वरून थांबवताना ती ३८५ च्या घरात जाते. ट्रॅकवर हेच फेरीमागून फेरी, डिस्कना निवायला उसंत न मिळता घडते. त्यात ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; पाणी मुरलेल्या फ्लुइडसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, पायाचा दाब ते बुडबुडे चेपण्यातच खर्ची पडतो आणि पेडल थेट तळाला जाते. जुन्या गाडीत फ्लुइड शेवटचे कधी बदलले होते हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ते सगळे काढून ताजे डॉट ४ किंवा डॉट ५.१ भरावे. नुसते डॉट ५ मात्र सिलिकॉनचे असते; नावे सारखी वाटली तरी ते यात मिसळू नये.

फ्लुइड बदलताना एकाला पेडल जोरात दाबून धरायला सांगावे आणि आपण चाकाजवळच्या रबरी नळीवर बोटे ठेवावीत. नळी फुगत असेल किंवा तिच्यावर बारीक भेगा असतील तर ती बदलावी. शर्यतीचे खास पॅड घेऊ नयेत. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि मिनिटभराच्या ऑटोक्रॉसमध्ये किंवा रोजच्या रस्त्यावर ते तेवढे तापतच नाहीत. पुढे ट्रॅकवर जाल तेव्हा शेवटची फेरी सावकाश मारावी, आणि उभे राहिल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली अडसर लावावा.

झेंडेवाला

मी अशा स्पर्धांत गाड्यांच्या तपासणीला मदत करतो, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. गाडी अडते ती बहुधा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर. तपासनीस बॅटरी दोन्ही हातांनी धरून हलवतो. ती जागची हलली तर गाडी तिथेच थांबते, कारण वळणात सुटलेल्या बॅटरीचे टर्मिनल पत्र्याला लागले की ठिणगी पडते. अॅक्सिलरेटर दाबून सोडल्यावर तो झटकन परत यावा लागतो. चाक उचलून वरखाली धरून हलवले की बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा ढिलेपणा कळतो, आडवे धरून हलवले की स्टिअरिंगच्या टाय रॉडचा. हे सर्व आपण आदल्या आठवड्यात घरीच करून पाहावे. व्हील कॅप काढाव्यात, स्टेपनी, जॅक आणि पायाखालची मॅट बाहेर ठेवावी. पत्र्यावरचा गंज कोणी फारसा पाहत नाही. पण सीट, पट्टे आणि सस्पेन्शन ज्या ठिकाणी जोडलेले असतात तिथला गंज आम्ही टोचून पाहतो, आणि तिथे पत्रा पोकळ लागला तर काहीही ऐकून घेत नाही.

हार्नेस आणि रोल केजबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. चार पट्ट्यांच्या हार्नेसला मांड्यांमधून जाणारा पट्टा नसतो. समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे कमरेच्या पट्ट्याला वर खेचतात, तो हाडावरून सरकून पोटावर चढतो आणि शरीर त्याच्या खालून पुढे घसरते. गाडीचा मूळ तीन बिंदूंचा पट्टा, तो शाबूत असेल तर, ऑटोक्रॉससाठी अधिक भरवशाचा आहे. रोल केज तर रोजच्या गाडीत बसवूच नये. हेल्मेट घातलेल्या चालकाला जी पोलादी नळी वाचवते, तीच बाजारात भाजी आणायला निघालेल्या, हेल्मेट नसलेल्या माणसाचे डोके फोडू शकते. अनेक गाड्या एकमेकींना भिडून एकाच वेळी धावतात अशा शर्यतींत जायचे ठरेल तेव्हा त्यासाठी वेगळी गाडी करावी, आणि तिच्यात केज, सीट व सहा पट्ट्यांचा हार्नेस एकत्रच बसवावेत.

हेल्मेट मात्र आताच चांगले घ्यावे. हेल्मेटची मानके ठरवणाऱ्या स्नेल संस्थेच्या मानकांपैकी ‘एसए’ हे मोटरस्पर्धांसाठी आहे आणि त्यात ज्वालारोधनाची चाचणी असते. ‘एम’ हे मोटरसायकलसाठी असून त्यात ती नसते. आपल्या स्पर्धेत कोणते चालते ते नियमावलीत पाहून मगच खरेदी करावी.

दुसरी_फेरी

ऑइलगेज यांचे म्हणणे ट्रॅकसाठी शंभर टक्के खरे आहे, परंतु सुरुवात ऑटोक्रॉसपासून होणार असेल तर मी टायरना पहिला मान देईन. तिथे वेग कमी आणि वळणे जास्त, त्यामुळे सगळा खेळ पकडीचा असतो. जुन्या, कमी चाललेल्या गाडीच्या टायरवर नक्षी भरपूर दिसते, पण रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूवरच्या सांकेतिक ओळीतले शेवटचे चार अंक पाहावेत: २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. मऊ रबराच्या नव्या टायरांनी जेवढा फरक पडतो, तेवढा दुसऱ्या कशानेही पडत नाही.

हवेचा दाब ठरवायला खडू पुरतो. टायरच्या कडेवर, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, तीनचार ठिकाणी आडव्या रेघा ओढाव्यात आणि फेरी मारून यावे. रेघ भिंतीवर खोलवर पुसली गेली असेल तर टायर वळणात दुमडतो आहे, दाब थोडा वाढवावा. नक्षीच्या काठावरही ती शिल्लक असेल तर दाब जास्त झाला आहे. पुढची चाके आणि मागची चाके स्वतंत्रपणे पाहावीत.

खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांना माझा विरोध आहे. थकलेल्या शॉकअॅब्सॉर्बरवर त्या लावल्या की सस्पेन्शन तळाला आदळते आणि ऐन वळणात पकड सुटते. त्याच पैशात मूळ प्रतीचे नवे शॉकअॅब्सॉर्बर आणि पुढच्या सस्पेन्शन आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) बदलून अलाइनमेंट करून घेतली, तर गाडी नवी असताना जशी वळत होती तशी पुन्हा वळू लागेल. चालवण्याबद्दल एकच सांगतो: गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर वळणाच्या आधी, चाके सरळ असतानाच वेग उतरवावा. वळणाच्या मध्यात अॅक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट बाहेर पडते.

तिसरा_गिअर

सर्वांचे मनापासून आभार. एक्झॉस्ट आणि स्प्रिंगा रद्द केल्या. फ्लुइड, नळ्या, टायर आणि हेल्मेट या क्रमाने जातो, शॉकअॅब्सॉर्बर त्यानंतर. एक शंका उरते. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या ठेक्यात उघडझाप करवणारा पट्टा) पूर्वीच्या मालकाने कधी बदलला होता याची नोंद मिळत नाही. तो थांबू शकेल का?

ऑइलगेज

थांबू नये, टायरच्याही आधी तो बदलावा. पुष्कळ इंजिनांत बेल्ट तुटताच पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीवर जाते. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनरही नवा टाकावा, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण पुन्हा तेवढे सगळे उघडण्याची मजुरी त्या पंपापेक्षा महाग पडते. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत असावे. लांब वळणात ते सम्पच्या, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या टाकीच्या, एका कडेला जाते. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडी पडतात. वळणात ऑइलचा दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी ती फेरी तिथेच सोडून द्यावी. शिवाय विम्याची कागदपत्रेही वाचून घ्यावीत. रस्त्यासाठीच्या विम्यात सहसा वेगाच्या स्पर्धा वगळलेल्या असतात, म्हणून आयोजकांकडे वेगळे संरक्षण आहे का हे नाव नोंदवण्यापूर्वी लेखी विचारावे.