परतलेल्या पीस कोअर स्वयंसेवकांची मंडळे नेमकी कशासाठी?

उंबरठा (धागालेखिका)

माझी मुलगी आफ्रिकेतील एका देशात पीस कोअरची (अमेरिकेतील स्वयंसेवकांना परदेशांत कामासाठी पाठवणाऱ्या सरकारी संस्थेची) स्वयंसेविका होती. मार्च 2020 मध्ये करोनामुळे जगभरातील सुमारे सात हजार स्वयंसेवकांना काही दिवसांत अमेरिकेत परत बोलावण्यात आले, त्यांत तीही होती. शाळेतल्या मुलांचा धड निरोपही तिला घेता आला नाही. परतल्यावर तिला आधार मिळाला तो आमचा नव्हे (आम्ही वरणभात वाढून ‘आता पुढचे बघ’ एवढेच म्हणत होतो), तर त्याच देशात पूर्वी काम करून आलेल्या माणसांच्या मंडळाचा. तिथे सत्तरीतले आजोबा आणि पंचविशीतल्या मुली एकाच गावच्या बाजाराबद्दल बोलतात, आणि कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही.

अशी मंडळे अमेरिकेत पुष्कळ आहेत. काही सेवेच्या देशानुसार, काही राहत्या शहरानुसार बनलेली आहेत, आणि 1979 साली स्थापन झालेली एक राष्ट्रीय संघटना त्यांना एकत्र बांधते. माझा आक्षेप त्यांच्या कामाच्या निवडीला आहे. पीस कोअरच्या 1961 च्या कायद्यात तीन उद्दिष्टे आहेत : गरजू देशांना प्रशिक्षित माणसे पुरवणे, त्या देशांना अमेरिकन माणसाची ओळख होणे, आणि अमेरिकन लोकांना इतर देशांची समज येणे. यातले तिसरे उद्दिष्ट मुख्यतः परतल्यावरच पुरे होऊ शकते. तरीही माझ्या पाहण्यातल्या मंडळांचा बहुतेक वेळ शाळेचे छप्पर किंवा विहीर यांसाठी थोडेथोडके पैसे जमवण्यात जातो. पैसे कोणीही पाठवू शकतो, पण त्या गावाची भाषा येणारा माणूस ओहायोतल्या एखाद्या वर्गात जाऊन उभा राहणे हे काम या मंडळांशिवाय दुसरे कोण करणार?

मॅडिसनवासी

उंबरठाताई, पैसे जमवणे आणि तिसरे उद्दिष्ट यांत आपण मांडलेला विरोध मला कृत्रिम वाटतो. आमच्या मॅडिसन शहरातील परतलेल्या स्वयंसेवकांचे मंडळ 1980च्या दशकापासून दरवर्षी एक आंतरराष्ट्रीय दिनदर्शिका छापते. तिच्यात दर महिन्याला स्वयंसेवकांनी काम केलेल्या एका देशाचे छायाचित्र असते आणि चौकटींमध्ये निरनिराळ्या देशांचे सण नोंदलेले असतात. तिच्या विक्रीतून उरलेले पैसे परदेशांतील लहान प्रकल्पांना जातात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभर टांगलेले ते पान आपण म्हणता ते तिसरे उद्दिष्ट नव्हे काय? शिवाय मंडळ टिकायचे तर त्याला हाताला काम लागते. गठ्ठे बांधणे आणि हिशेब ठेवणे, यासाठी माणसे थंडीतही जमतात. नुसती व्याख्याने ठरवणारे मंडळ वर्ष-दोन वर्षांत ओस पडते, हे मी इथल्या आपल्याच एका मराठी मंडळात पाहिले आहे.

शंकेखोर

दोघेही एक गोष्ट टाळत आहेत. परतलेल्या माणसाला जे दिसले, त्यात कधीकधी आपल्याच सरकारचे वर्तन असते, आणि त्याविषयी बोलणे हे दिनदर्शिका छापण्याहून अवघड आहे. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात परतलेल्या स्वयंसेवकांनी एक समिती स्थापन केली आणि व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला. अमेरिकी फौजा कंबोडियात घुसल्यावर, मे 1970 मध्ये, तिच्या सदस्यांनी वॉशिंग्टनमधील पीस कोअरच्याच कचेरीचा काही भाग ताब्यात घेतला होता. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर 2011 चा स्वयंसेवक-संरक्षण कायदा घ्या : सेवेच्या काळात लैंगिक अत्याचार सोसलेल्या परतलेल्या स्त्रियांनी काँग्रेससमोर (अमेरिकेच्या संसदेसमोर) साक्षी दिल्या, तेव्हा कुठे संस्थेवर प्रशिक्षणाची आणि पीडितांना साहाय्य करण्याची कायदेशीर बंधने आली. स्नेहभोजनांतून हे झाले नसते.

उंबरठा

शंकेखोर, 2011 च्या साक्षींबद्दल आपले म्हणणे पूर्ण मान्य आहे. परंतु आपण ज्या समितीचा दाखला देता ती काही वर्षांतच विसर्जित झाली, आणि आपापल्या घरून पदार्थ आणून जेवणारी मंडळे मात्र अजून चालू आहेत. ज्या मुलीला रात्री झोप लागत नव्हती तिला त्या घटकेला निवेदनावर सही नको होती, तिचे ऐकणारे कोणीतरी हवे होते. मंडळाला हे आधी जमले पाहिजे. सरकारशी भांडण त्यानंतरचे.

जुना विक्रोळीकर

मी ही चर्चा दुसऱ्या बाजूने वाचतो आहे. 1966 साली लिलियन कार्टर, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री, वयाच्या 68 व्या वर्षी पीस कोअरमधून आमच्या विक्रोळीला आल्या आणि गोदरेज वसाहतीत परिचारिका म्हणून त्यांनी काम केले. त्यांनी घरी लिहिलेली पत्रे 1977 साली पुस्तकरूपाने निघाली, म्हणजे तिसरे उद्दिष्ट त्यांनी कोणत्याही मंडळाशिवाय पुरे केले, असे हवे तर म्हणा. माझा प्रश्न निराळा आहे. भारतात हे स्वयंसेवक 1961 पासून 1976 पर्यंत होते. कुक्कुटपालनापासून शेती आणि आरोग्यापर्यंत नाना कामे त्यांनी केली. ते गेले आणि तिकडे त्यांची मंडळे झाली. ज्यांच्या ओसरीवर ते बसले, ज्यांच्याकडून ते मराठी किंवा पंजाबी शिकले, ती माणसे त्या मंडळांत कुठे आहेत? आपण तिघेही ‘परतलेल्यांनी काय करावे’ एवढेच विचारता. छप्पर हवे की नको, वर्गात आमच्याविषयी काय सांगितले जावे, हे आम्हालाही विचारायला हवे ना? पाहुणा घरी जाऊन आपल्याबद्दल काय सांगतो याची उत्सुकता यजमानालाही असते.

मॅडिसनवासी

विक्रोळीकर, आपले म्हणणे झोंबले, आणि झोंबायलाच हवे होते. तरी व्यवहारातली अडचण सांगतो. मंडळे ही अमेरिकेत नोंदलेल्या, करसवलत मिळालेल्या संस्था असतात आणि मोकळ्या वेळात काम करणारे लोक त्या चालवतात. परदेशी सभासद, वेगवेगळ्या वेळा, भाषांतर हे सारे त्यांना पेलत नाही. पूर्वी पत्राला महिना लागत असे, तेव्हा ही सबब खरी होती.

शंकेखोर

आणि आता व्हॉट्सॲप आहे, तेव्हा ती सबबच आहे.

उंबरठा

मुलीला हा धागा वाचून दाखवला. तिच्या गावच्या मुख्याध्यापकांशी तिचे अजून दर पंधरवड्याला बोलणे होते, पण मंडळाच्या बैठकीला त्यांना बोलवावे हे तिलाही कधी सुचले नव्हते. पुढची बैठक शनिवारी आहे, आणि तिकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतील. ती त्यांना विचारणार आहे.