वय 37, सोळा वर्षं वेल्डर, आता कमर्शियल डायव्हिंगला उशीर झालाय का?

भोसरीचा_वेल्डर
नमस्कार मंडळी, भोसरी एमआयडीसीत आहे, आयटीआय झालंय, आर्क आर्गन दोन्ही करतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या वर्कशॉपमधून एका धरणावर ट्रॅश रॅकची, म्हणजे कचरा अडवायच्या जाळीची फ्रेम घेऊन गेलो होतो, डायव्हर खाली ती बसवत होता आणि वर डब्याच्या स्पीकरवर त्याचा श्वास ऐकू येत होता, मी तीन तास तिथंच उभा, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. घराचा हप्ता आहे, दोन मुलं आहेत. कोर्सला सगळी पोरं 21-22 ची असतात म्हणे, मला कोणी घेईल का? आणि गोव्यात स्कूबाचं सर्टिफिकेट काढलं तर चालतं का?

अंबिलिकल_33
मी 33 ला सुरुवात केली, आता 11 वर्षं झाली. स्कूबाचं सर्टिफिकेट हौसेचं, कामाला धरत नाहीत. तुला सरफेस सप्लाय शिकावं लागेल, म्हणजे डोक्यावर हेल्मेट आणि वरून येणारी अंबिलिकल, त्यात हवेची होज, बोलायची वायर आणि न्यूमो म्हणजे खोली मोजायची बारीक नळी. हवेवर 50 मीटरपर्यंत, त्याखाली हेलियमचं मिश्रण. कोर्स कुठलाही कर, पण सर्टिफिकेट आयएमसीए, म्हणजे समुद्रातली कामं करणाऱ्या कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या मान्य यादीत आहे का ते फी भरायच्या आधी बघ. आणि त्याच्याही आधी डायव्हिंग मेडिकल कर, कान, छाती, ईसीजी सगळं, वयापेक्षा तिथंच जास्त लोक अडकतात आणि ते पुढे दरवर्षी द्यावं लागतं.

खरी अडचण सांगतो. कोर्स झाला की लगेच कोणी खाली सोडत नाही, आधी टेंडर, म्हणजे दुसऱ्याची अंबिलिकल हातात धरून उभं राहायचं, तिला ना ढील जास्त द्यायची ना ताण, आणि तुझ्याहून बारा वर्षांनी लहान सुपरवायझर सांगेल ते ऐकायचं. पैसे तेव्हा कमीच. मुंबई हाय, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्राकडचं काम पावसाळ्यात बंद असतं, ते चार महिने हप्ता कुठून भरणार हे आत्ताच ठरव.

डायव्हरची_बायको_वाकड
भाऊ, हे वहिनींना वाचायला द्या. आमचे हे उरणला काम संपवून त्याच संध्याकाळी गाडी काढून निघाले, मुलीचा वाढदिवस होता. खंडाळ्याचा घाट चढल्यावर खांदा दुखायला लागला, त्यांना वाटलं सामान उचललं म्हणून, घरी पोचेपर्यंत हात वर होईना. लोणावळा समुद्रापासून 600 मीटर उंच, हवेचा दाब कमी, मग पाण्याखाली दाबानं अंगात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सांध्यात बसतो. रात्रीच परत खाली नेलं, हवेचा दाब वाढवायच्या चेंबरमध्ये ऑक्सिजनवर जवळपास पाच तास. आता काम संपलं की एक दिवस खालीच थांबतात, वाढदिवस दुसऱ्या दिवशी करतो. पुण्यात राहून ही लाईन करायची तर घाट हा तुमच्या रोजच्या हिशोबात धरा.

गेट_बंद_आहे_का
मी धरणांवरच काम करतो, वर्षभर थोडंफार असतं, घरही जवळ. दिसत काहीच नाही, गाळात सगळं बोटांनी चाचपून. तुझ्या सोळा वर्षांचा उपयोग इथं होतो, कारण वेल्डवरची चीर अंधारात हाताला लागली तर ती कसली आहे हे तुला कळेल, 22 च्या पोराला नाही. पण पाण्याखाली वेल्डिंग करायला मिळेल म्हणून येत असशील तर ते काम फार थोडं असतं, पाण्यात जोड झटकन थंड होऊन ठिसूळ होतो. बाकी सगळं साफसफाई, बोल्ट, रिगिंग म्हणजे दोर-साखळ्यांनी जड सामान उचलणं, कटिंग. पुढे पाण्याखालच्या इन्स्पेक्शनचं सर्टिफिकेट घे, तिथं तुझं वय आडवं येणार नाही.

एकच गोष्ट कधी विसरू नकोस. इनटेक, म्हणजे पाणी आत ओढणाऱ्या तोंडाजवळ किंवा गेटजवळ दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक असेल तर फटीपाशी हात नेला की ओढला जातो आणि वरून दहा माणसांनी ओढला तरी सुटत नाही. गेटला कुलूप लागलंय आणि चावी आपल्या सुपरवायझरच्या खिशात आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पाय ओला करत नाही. आणि आपल्याकडची धरणं उंचावर आहेत, समुद्राचं टेबल, म्हणजे किती खोलीवर किती वेळ थांबायचं याचा तक्ता, जसंच्या तसं लावायचं नाही, उंचीची दुरुस्ती करूनच.

भोसरीचा_वेल्डर
सगळ्यांचे खूप आभार. ताई, बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं, ती घाटाच्या ठिकाणी गप्प झाली, मग म्हणाली आधी मेडिकल कर आणि पावसाळ्यात काय करणार ते सांग. सोमवारी सुट्टी टाकलीये मेडिकलसाठी. मालकांनाही विचारतो, जून ते सप्टेंबर वर्कशॉपमध्ये परत घेतील का.