विल्टशरचा शेतमजूर, ठाण्याचा प्लेटलेअर: इंग्लंडमधली मागची पिढी कशी शोधायची?

मासुंदा

नमस्कार मंडळी. नौपाड्यातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या मूळ पुरुषाचा शोध चालू आहे. हाती १८६६ सालच्या ठाण्यातल्या लग्नाची नोंद आहे: नवरा विल्यम, वय २७, काम प्लेटलेअर (रेल्वेचे रूळ बसवणारा), वडिलांचं नाव जेम्स. घरात चालत आलेली माहिती एवढीच, की ‘आमचे विल्टशरचे, शेतमजूर’. आडनाव तिकडे गावोगाव आढळतं. फ्रीबीएमडीवर (इंग्लंडमधल्या जन्म-लग्न-मृत्यूंची फुकट ऑनलाइन सूची) १८३८ ते १८४० या काळात प्यूझी आणि डिव्हायझेस या दोन जिल्ह्यांत त्या नावाचे तीन विल्यम जन्मलेले दिसतात. १८४१ च्या शिरगणतीत दोन सापडतात, आणि दोन्ही घरांत जेम्स नावाचा शेतमजूर आहे.

यातला आपला कोणता, हे कसं ठरवायचं? आणि ज्याच्या नावावर ना जमीन ना मृत्युपत्र, त्या जेम्सचं आयुष्य कुठल्या कागदांत मिळेल? आपल्याकडे निदान सातबारा, फेरफार, त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्या असतात. शेतमजुराचं तिकडे काय असतं? यातलं किती काम ठाण्यात बसून होईल?

नेरूळ_पूर्व

आधी भारतातली बाजू संपवा, मग विल्टशरला जा. बहुतेक जण उलट करतात आणि चुकीच्या जेम्सची चार पिढ्यांची वंशावळ बनवून बसतात.

चर्चच्या नोंदवहीची प्रत मुंबईमार्गे लंडनला जात असे. त्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत (एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई). फाइंडमायपास्ट या साइटवर त्यांच्या प्रतिमा सशुल्क दिसतात, आणि फिबिस या संस्थेच्या साइटवर सूची फुकट शोधता येते. विल्यमच्या प्रत्येक मुलाचा बाप्तिस्मा आणि त्याचं स्वतःचं दफन काढा. दफनाच्या नोंदीत वय असतं. ते लग्नाच्या वयाशी जुळतं का पाहा. दोन्ही नोंदी एकच जन्मसाल सांगत असतील तर तीन उमेदवारांतला एखादा तिथेच गळेल. दोन-तीन वर्षांचा फरक मात्र नेहमीचाच, म्हणून शोध १८३७ ते १८४१ असा रुंद ठेवा.

दुसरा प्रश्न, तो ठाण्यात आला कसा? जीआयपी रेल्वे कंपनीचा बोरीबंदर-ठाणे मार्ग १८५३ ला सुरू झाला, भोर घाट १८६३ ला आणि कसाऱ्याकडचा थळ घाट १८६५ ला. या काळात इंग्लंडहून करारावर माणसं आणली जात, आणि इथल्या पलटणीतून सुटलेले गोरे शिपाईही रेल्वेत लागत. करारावर आला असेल तर इंडिया ऑफिसच्याच दप्तरातले रेल्वे कंपन्यांचे कागद बघा. शिपाई असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी दप्तरखान्यातली ‘डब्ल्यूओ ९७’ ही मालिका. तीत भरतीच्या वेळचं वय, आधीचं काम आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चचा गावइलाखा) लिहिलेला असतो. गाव सांगणारा इतका सरळ कागद दुसरा नाही. पण ही मालिका मुख्यतः पेन्शनवर सुटलेल्यांची. मुदत संपवून किंवा पैसे भरून सुटलेला शिपाई तीत बहुधा नसतो. त्याच्यासाठी पलटणीच्या हजेरीपटांत, म्हणजे ‘डब्ल्यूओ १२’ मध्ये, शेवटच्या तिमाहीचं पान पाहावं लागतं.

आता तीन विल्यम. यात सिद्ध करण्यापेक्षा बाद करणं सोपं. तिघांसाठी वेगळं पान करा आणि प्रत्येकाला १८५१, १८६१, १८७१ च्या शिरगणतीत आणि मृत्यूंच्या सूचीत शोधा. पाच वर्षांच्या आत गेलेलं मूल आधी बाद होतं. १८७१ ला बायकामुलांसह विल्टशरमध्येच दिसणारा विल्यम १८६६ ला ठाण्यात बोहल्यावर चढलेला नाही, तोही बाद.

त्यातही दोन फटी आहेत. एक, सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, पण नोंद न केल्याबद्दल आईबापांना खरा दंड १८७५ पासूनच बसू लागला. तुमचा विल्यम सूचीत मुळीच नसण्याची शक्यता आहे, म्हणून पॅरिशचे बाप्तिस्मे तपासायलाच हवेत. दुसरी, सूचीतलं ‘प्यूझी’ हे नोंदणी जिल्ह्याचं नाव आहे, गावाचं नाही. त्यात कितीतरी खेडी येतात.

जीआरओ या सरकारी नोंदणी कार्यालयाची स्वतःची ऑनलाइन सूची फुकट आहे आणि तीत १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. फ्रीबीएमडीवर ते सप्टेंबर १९११ पासूनच मिळतं. एकही दाखला विकत न घेता तिघांच्या आया वेगळ्या होतील. मग एकच दाखला मागवा, तोही पीडीएफ. कागदी प्रतीपेक्षा स्वस्त पडतो आणि टपालाची वाट बघावी लागत नाही.

उपवन

१८४१ च्या शिरगणतीवर फार विसंबू नका. तीत नातं लिहिलेलंच नाही. जेम्स, मेरी आणि विल्यम एका घरात दिसले म्हणजे ते आईबाप आणि मुलगा असतीलच असं नाही. काका-पुतण्याही असू शकतात. पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती, म्हणजे ३९ वर्षांचा जेम्स कागदावर ३५ चा. काही गणकांनी ती पाळली, काहींनी नाही. जन्मस्थळाच्या रकान्यात फक्त ‘याच काउंटीत जन्म का?’ याचं हो-नाही. खरी मदत १८५१ पासून होते: नातं, वैवाहिक स्थिती आणि जन्माचा पॅरिश.

तोही दर वेळी बदलताना दिसेल. माणूस कधी जन्मगाव सांगे, कधी वाढला ते गाव, कधी जवळचं मोठं गाव. तीन शिरगणत्यांत तीन गावं आली तर नकाशावर मांडा. चार-पाच मैलांच्या आत असतील तर माणूस एकच असण्याचा संभव मोठा.

१८५१ ला विल्यम बाराच्या आसपास असणार, आणि त्या वयाची मुलं शेतावर कामाला लागलेली असत. तो आईबापांकडे दिसला नाही तर मेला असं समजू नका. शेजारच्या शेतकऱ्याच्या घरात ‘फार्म सर्व्हंट’ म्हणून शोधा. नावाने सापडत नसेल तर आडनाव रिकामं सोडा, फक्त विल्यम, वय आणि पॅरिश टाका. आडनाव ‘एच’ने सुरू होत असेल तर ते अक्षर गाळूनही बघा. बोलीत तो उच्चार गळतो, आणि गणकाने ऐकलं तसं लिहिलं. बायकांच्या शेतकामाचा रकाना बहुतेक वेळा कोरा असतो. त्यावरून मेरी घरी बसून होती असा अर्थ काढू नये. खुरपणीला आणि कापणीला बायका असतच.

कळवा_खाडी

जेम्सच्या आयुष्याबद्दल लिहितो, कारण तिथेच लोक ‘गरिबाचे कागद नसतात’ म्हणून थांबतात. कागद असतात, पण त्याच्या मालमत्तेचे नसतात. पॅरिशला त्याच्यावर खर्च करावा लागला, किंवा लागेल अशी भीती वाटली, तिथे त्याचं नाव सापडतं.

१६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरिबाचं एक कायदेशीर गाव ठरे, त्याला ‘सेटलमेंट’ म्हणत. आजारपणात, बेकारीत पोसायची जबाबदारी त्या गावाची. मुलाला बापाचं गाव मिळे, बायकोला नवऱ्याचं. नवं गाव मिळवायचं तर अविवाहित असताना सबंध एक वर्ष एकाच मालकाकडे नोकरी, किंवा उमेदवारी, किंवा वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा. (म्हणून कित्येक शेतकरी मजुराला एक्कावन्नच आठवडे ठेवत. वर्ष भरलं की तो गावाच्या गरीबपट्टीवर हक्क सांगू शके.) माणूस दुसऱ्या गावात मदतीला उभा राहिला की मॅजिस्ट्रेटसमोर त्याची जबानी होई: जन्म कुठे झाला, कोणत्या वयात कोणाकडे लागला, मजुरी किती, लग्न कधी आणि कुठे, मुलं किती. अक्षरओळख नसलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य एका पानात. त्याची जबाबदारी दुसऱ्या गावावर ठरली तर रवानगीचा हुकूम निघे, आणि त्यात बायकोमुलांची नावं वयांसकट येत.

ही जबानी वर्षाने शोधू नका, दोन्ही गावांच्या दप्तरात शोधा: जिथे राहत होता आणि जिथे पाठवला. दोन गावांचा वाद झाला तर तो क्वार्टर सेशन्सच्या (काउंटीच्या तिमाही न्यायालयाच्या) कागदांत असेल. १८३४ च्या कायद्याने वर्षाच्या नोकरीवरून नवा हक्क मिळणं बंद झालं, आणि १८४६ पासून पाच वर्षं सलग राहिलेल्याला हलवता येईना. त्यामुळे पुढे हे कागद विरळ होतात. जेम्स १८१० च्या आसपास जन्मला असेल तर जबानी त्याची असू शकते, पण त्याच्या बापाची मिळण्याची शक्यता जास्त.

पॅरिशच्या त्याच दप्तरात ओव्हरसियरच्या (गरिबांची मदत वाटणाऱ्याच्या) हिशेबवह्या असतात. एका जोडी बुटांचे पैसे, सुईणीचे, शवपेटीचे, कधी आठवड्याचे काही शिलिंग. जेम्सच्या नावापुढे दर आठवड्याला रक्कम दिसली तर तो बेकार होता असं लगेच ठरवू नका. शेजारच्या बर्कशरमध्ये १७९५ साली स्पीनहॅमलंडला मॅजिस्ट्रेटांनी पावाच्या भावावर मदत बांधून दिली. मोठा पाव एक शिलिंगाला असेल तर पुरुषाला आठवड्याला तीन शिलिंग, बायको आणि प्रत्येक मुलामागे दीड. मजुरी त्याहून कमी पडली तर फरक पॅरिश देई. दक्षिणेत ही पद्धत बरीच पसरली. दिवसभर राबणारा माणूसही वहीत येतो तो असा.

१८३४ नंतर पॅरिशांचे गट करून युनियन झाले, त्यांचं वर्कहाउस (निराधारांना ठेवून काम करून घेण्याची जागा), त्यांचे गार्डियन (कारभारी). वर्कहाउसच्या प्रवेशवह्या पुष्कळ ठिकाणी टिकल्याच नाहीत. तेव्हा गार्डियनांच्या सभांचे वृत्तांत आणि क्यूमधला ‘एमएच १२’ हा पत्रव्यवहार युनियनवार पाहावा लागतो. बहुतेकांना नावांची सूची नाही, पानं उलटावी लागतात.

आणखी एक. नोव्हेंबर १८३० मध्ये विल्टशरच्या मजुरांनी मळणीयंत्रं फोडली, आणि जानेवारी १८३१ मध्ये सॉल्झबरीला खास न्यायालय बसलं. त्या वयाचा जेम्स किंवा त्याचा भाऊ त्यानंतर एकाएकी दिसेनासा झाला तर गुन्हेगारांच्या नोंदवह्या (‘एचओ २७’) बघितल्याशिवाय त्याला मृत धरू नका. बरेच जण ऑस्ट्रेलियाला पाठवले गेले.

मासुंदा

मनापासून आभार. जीआरओच्या सूचीत तिघांच्या आयांची आडनावं वेगळी निघाली, आणि एक विल्यम दहा महिन्यांचा असताना गेलेला दिसतो. उरले दोन. आता त्यांच्या आईबापांची लग्नं शोधायची, पण १८३७ च्या आधीच्या लग्नात बापाचं नावच नाही. मग जेम्सच्या मागे कसं जायचं?

उपवन

बरोबर, ते नाव १८३७ च्या नमुन्यापासून येतं. आधीच्या नोंदीत बघायचे ते साक्षीदार. १७५४ पासून त्यांच्या सह्या किंवा फुल्या असतात, आणि त्यांत भाऊ-बहीण हमखास असतात. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होतं, म्हणून बॅन्सच्या (लग्नाआधी चर्चमध्ये होणाऱ्या घोषणांच्या) वहीत नवऱ्याचा पॅरिश कोणता लिहिलाय ते पाहा. त्या गावात १८०५ ते १८१५ चे बाप्तिस्मे. १८१३ पासूनच्या छापील नमुन्यात बापाचं काम आणि राहण्याचं ठिकाण असतं, त्याआधी नुसती नावं. जेम्स तिथे मिळाला नाही तर चॅपलवाल्यांच्या (अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांच्या) वह्या बघा, त्यातल्या बऱ्याच क्यूमधल्या ‘आरजी ४’ मध्ये आहेत. बॅप्टिस्टांत बाळाचा बाप्तिस्मा होत नाही, तिथे जन्माची नोंद शोधायची. आणि जो जेम्स मिळेल तो लहानपणीच दफन झालेला नाही ना, एवढं आधी तपासा. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देण्याची रीत होती.

नेरूळ_पूर्व

घरबसल्या काय होईल, ते राहिलं होतं. शिरगणत्या आणि जीआरओ पूर्णपणे इथून. बाप्तिस्मे आणि लग्नं फॅमिलीसर्च, फ्रीरेग आणि विल्टशर ओपीसी या साइटांवर बरीच, पण ती उतारे आहेत. नेमकी नोंद ठरली की मूळ पानाची प्रतिमा पाहाच, कारण उताऱ्यात साक्षीदार गळतात. जबान्या आणि हिशेबवह्या चिपनमच्या विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटरमध्ये आहेत. त्यांचा कॅटलॉग ऑनलाइन चाळा, पॅरिशचं नाव आणि ‘सेटलमेंट’ असं टाकून कागदाचा क्रमांक काढा, मगच प्रत मागा. ‘आमच्या जेम्सबद्दल काही आहे का’ असं विचारलं तर त्यांना शोधाच्या तासांचे पैसे लावावे लागतात. क्रमांक दिला तर फक्त प्रतीचे लागतात. पहिल्या पत्रात दोन्ही उरलेल्या विल्यमांचे पॅरिश घ्या. जबानी एकाचीच निघाली आणि तिच्यात विल्यम नावाचा मुलगा वयासकट आला, तर दुसरा दाखला मागवायची गरज कदाचित पडणार नाही.