म्हणे, भाऊ असावा तर रावणासारखा!

तिखटमीठ: दसरा आला की ती पोस्ट फिरायला लागते. 'बहिणीच्या अपमानासाठी लंका पणाला लावली, सीतेला हातही लावला नाही, भाऊ असावा तर रावणासारखा.' आमच्या घरच्या ग्रुपवर काल तीनदा आली. शूर्पणखेचा नवरा विद्युज्जिह्व कोणाच्या हातून मेला? रावणाच्याच. बहिणीचं कुंकू पुसणारा आदर्श भाऊ कसला? सुंदरकांडात तो सीतेला बजावतो, दोन महिन्यांत शय्येवर आली नाहीस तर आचारी न्याहारीसाठी तुझे तुकडे करतील.

वऱ्हाडी: ताई, विद्युज्जिह्वाची गोष्ट उत्तरकांडातली. सीतात्यागाचा विषय निघाला की ते कांड प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसवलेलं ठरतं, मग रावणाला झोडायला कसं चालतं? माझं आजोळ अकोला जिल्ह्यात, सांगोळ्याजवळ. तिथे रावणाची दहा तोंडांची दगडी मूर्ती आहे, गाव तिची पूजा करतं. गडचिरोलीत गोंड त्याला पूर्वज मानतात. माझी आजी त्या मूर्तीपुढे हात जोडायची ते कुठली पोस्ट वाचून नव्हे.

तिखटमीठ: मग युद्धकांड घ्या. पुंजिकस्थला नावाच्या अप्सरेवर बळजबरी केली म्हणून ब्रह्मदेवाने शाप दिला, पुन्हा असं केलंस तर डोक्याची शंभर शकलं होतील. रावण स्वतःच हे आपल्या दरबारातल्या महापार्श्वाला सांगतो. याला संयम म्हणायचं?

पारिजात: खलनायकाला डोक्यावर घ्यायची ही सवय आपल्याला कर्णापासून लागली. १९६७ साली कर्णावरचं 'मृत्युंजय' आलं आणि अर्ध्या महाराष्ट्राने कादंबरीलाच महाभारत मानलं. भर सभेत द्रौपदीला बंधकी, म्हणजे वेश्या म्हणणारा, तिची वस्त्रं ओढ असं दुःशासनाला सांगणारा कर्णच.

जुनंखोड: कर्णाला मध्ये आणू नका. 'सूताला, सारथ्याच्या पोराला वरणार नाही' हे भर स्वयंवरात द्रौपदीकडून ऐकलेला माणूस तो.

पारिजात: पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत ते वाक्यच नाही. १९१९ ते १९६६, एवढी वर्षं हस्तलिखितं ताडली त्या लोकांनी. तिथे कर्ण, शल्य वगैरेंना धनुष्य वाकवता आलं नाही, एवढंच आहे.

जुनंखोड: पुण्यातल्या तळटीपा मला दाखवू नका. शाळेत वडिलांचा धंदा विचारून मला मागच्या बाकावर बसवलं होतं. पंधरा वर्षांचा होतो. तीन रात्रींत ती कादंबरी संपवली, आणि आपल्यासारखं कुणीतरी आहे असं पहिल्यांदा वाटलं.

पारिजात: पुणं कशाला काढता? मी नांदेडची. तुमचा अपमान खरा, पण द्रौपदीचाही खराच होता ना?

जुनंखोड: सभेतल्या वागण्याचं समर्थन मी कधी केलं? कर्णाला पश्चात्ताप झाला होता. उद्योगपर्वात तो कृष्णाजवळ बोलून दाखवतो.

पारिजात: पांडवांना कडू बोललो, याचा पश्चात्ताप. द्रौपदीचं नाव त्यात नाही. पुन्हा वाचा.

जुनंखोड: वाचलं. नाही तिचं नाव. तरी माझा कर्ण मी सोडणार नाही.

वऱ्हाडी: अहो, धागा रावणाचा आहे. ताई, एका पोस्टवर एवढा संताप का, ते कळलं नाही.

तिखटमीठ: गेल्या भाऊबीजेला माझ्या सख्ख्या भावाने हीच पोस्ट मला पाठवली. त्याच आठवड्यात वडिलांच्या शेतजमिनीचं हक्कसोडपत्र घेऊन घरी आला. मी सही केली. अजून झोप लागत नाही.

वऱ्हाडी: हे माहीत नव्हतं. पोस्ट मीही पुढे पाठवली होती, आता काढतो. मूर्तीला मात्र हात जोडणार, आजीचा देव आहे तो.

तिखटमीठ: जोडा. त्या मूर्तीबद्दल माझं काही म्हणणंच नव्हतं.