मदत हवी आहे: वस्तीतल्या बागेला कुलूप लावावं का?

नमस्कार मंडळी,

आमच्या वस्तीच्या मधोमध साधारण २०० चौरस मीटरची मोकळी जागा आहे. कित्येक वर्षं तिथे राडारोडा आणि कचराच पडत आला. घरं एकेका खोलीची, अंगण कुणालाच नाही. म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी टेकायला उंबऱ्याशिवाय जागा नाही. जागामालकाने ५ वर्षं वापरायची लेखी परवानगी दिली आहे.

मागच्या वर्षी आम्ही उत्साहाने ४० रोपं लावली. तीन महिन्यांत ६ उरली. जवळ नळ नाही, बादल्या कोण आणणार हे ठरलंच नव्हतं. शिवाय लावण्याआधी कुणाला विचारलं नाही. मुलांची खेळायची जागा आम्ही रोपांनी अडवली आणि निम्मी रोपं त्यांच्या पायाखाली गेली. यात मुलांची काही चूक नव्हती.

या वेळी आधी घरोघरी जाऊन विचारलं. सावली, बसायला कट्टा आणि मुलांना मोकळी जागा, एवढंच बहुतेकांनी मागितलं. म्हणून मोजकी झाडं कडेने लावू, मधला भाग मोकळा ठेवू. शेजारच्या छतावरचं पाणी टाकीत साठवायचं ठरलंय. भाजी मात्र जमिनीत नाही. अशा मातीत जुन्या रंगातलं शिसं असू शकतं. माती तपासेपर्यंत बाहेरची माती भरून उंच वाफे करू.

गाडी अडलीय कुंपणावर. अर्धे जण म्हणतात, उंच जाळी आणि कुलूप हवंच, नाहीतर महिन्याभरात पुन्हा कचरा पडेल. बाकीचे म्हणतात, किल्ली एकाच्या हातात गेली की बाग त्याची होते. मला दुसरं पटतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ५४१ पडीक जागांवर एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काही जागा साफ करून गवत, थोडी झाडं आणि आत यायला वाट सोडलेलं बुटकं लाकडी कुंपण केलं. तशाच सोडलेल्या जागांच्या तुलनेत, या जागांजवळ मन उदास असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसता कचरा उचलला तिथे तसा ठळक फरक दिसला नाही. पण तिथे दर महिन्याला देखभालही होत होती, आणि ती आमच्याकडे टिकेल का, हीच आमची खरी भीती आहे.

ज्यांनी बिनकुलपाची बाग चालवली आहे त्यांनी कृपया सांगा: रात्रीचं काय करता? पाण्याच्या पाळ्या पहिली दोन-तीन वर्षं कशा टिकवल्या? पाळी चुकवणाऱ्या शेजाऱ्याला कटुता न येता कसं सांगता?

आणखी एक. आमच्याकडे बहुतेक भाडेकरू आहेत. जागा सुधारली म्हणून भाडी वाढली तर ज्यांनी खड्डे खणले त्यांनाच घर सोडावं लागेल. घरमालकांशी आधीच काही लेखी ठरवून घेतल्याचा अनुभव कुणाला आहे का?

रविवारी बैठक आहे, कुंपणाचं तिथेच ठरेल. त्याआधी कळलं तर तुमचा अनुभव सगळ्यांना वाचून दाखवेन.