सोडतीचं तिकीट: देणगी किती, जुगार किती? (अनुभव लिहा)

चांगल्या कामासाठी काढलेल्या सोडतीची तिकिटं आपण बहुतेकांनी कधी ना कधी घेतली आहेत. ओळखीचं माणूस तिकीटबुक घेऊन समोर उभं राहतं, नाही म्हणवत नाही, आणि 'लागलं तर लागलं' हेही मनात असतंच. याला कोणी जुगार म्हणत नाही. पण पैसे लावायचे, निकाल नशिबाच्या हाती आणि बक्षीस मोजक्यांना, म्हणजे जुगाराला लागतं ते सगळं इथे आहे. तुम्ही किती तिकिटं घेता, कुठे थांबता, ते लिहा. विकणारे आणि मुद्दाम न घेणारे यांनीही लिहावं. संस्थांची नावं नकोत.

हिशेबी
मी स्वतःला एकच विचारतो: बक्षीस नसतं तर या कामाला किती दिले असते? तेवढ्याचीच तिकिटं घेतो. विकणाऱ्याला आणखी एक प्रश्न असतो, बक्षीस विकत आणलंय की कोणी दिलंय? विकत आणलं असेल तर माझ्या पैशातून आधी बक्षीस, मग छपाई, मग कार्यक्रमाचा खर्च वजा होतो आणि उरलेलं कामाला जातं. अशा वेळी तिकीट न घेता थेट देणगी देऊन पावती घेतो. अनेक देशांत सोडतीच्या तिकिटाला करसवलतीसाठी देणगी मानतच नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

गणितताई
२००० तिकिटं विकली गेली आणि बक्षीस एकच आहे असं धरा. एक तिकीट घेतलंत तर न लागण्याची शक्यता ९९.९५ टक्के, दहा घेतलीत तर ९९.५ टक्के. 'दहापट संधी' ही जाहिरात खोटी नाही, पण तिचा उपयोग एवढाच. 'पाचावर एक मोफत' योजनेत तर सगळ्यांचीच तिकिटं वाढतात आणि आपला वाटा होता तिथेच राहतो. एकूण तिकिटांना मर्यादा नसेल, तर आपली संधी किती हे विक्री बंद होईपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.

आता खरी गंमत. विकत आणलेल्या बक्षिसाच्या किमतीला तिकिटांच्या संख्येने भागा. तो आकडा तिकिटाच्या दरापेक्षा बराच कमी यायला हवा, कारण मधला फरकच तर संस्थेला मिळतो. म्हणजे घेणाऱ्याला परवडणारी सोडत ही संस्थेला बुडवणारी सोडत. फायद्यासाठी तिकीट घेणारा चुकीच्या रांगेत उभा आहे.

एका आकड्याने हुकलेला
माझा ४१२७, लागला ४१२८. घरचे अजून हळहळतात. चिठ्ठ्यांच्या पिंपात आकड्यांचा शेजार नसतो हे मला कळतं, तरी 'पुढच्या वेळी नक्की' वाटायचं ते वाटलंच. असं थोडक्यात हुकलं की पुन्हा खेळावंसं वाटतं, हे जुगारावरच्या संशोधनातही आढळलं आहे.

तिकीटवाला स्वयंसेवक
विकणाऱ्याची बाजू सांगतो. कार्यक्रमात दर थोड्या वेळाने छोटी सोडत काढली की विक्री उसळते. ज्यांना पहिल्या फेरीत लागलं नाही तेच लोक दुसऱ्या फेरीला पुढे येतात. मदतीची भावना तोवर मागे पडलेली असते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. आमच्या मंडळाने म्हणून दर माणशी मर्यादा घातली, उधारी बंद केली आणि सोडतीच्या आधीच विक्री थांबवायची असं ठरवलं. खजिनदार अजून माझ्यावर नाराज आहेत. कोणी अख्खं बुक मागितलं तर आम्ही देणगीची पावती पुढे करतो. काही जण आनंदाने घेतात, काही जण निघून जातात. निघून जाणाऱ्यांना काय हवं होतं ते आपोआप कळतं.

नाव नको
यजमानांचा जुगार सुटला आहे. ते गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस या जुगार सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठकांना जातात. १९५७ साली सुरू झालेली ही चळवळ. तिथे नियम सरळ आहे: पैज लहान असो की मोठी, स्वतःसाठी असो की दुसऱ्यासाठी, लावायची नाही. त्यांच्या पुस्तिकेत लॉटरीबरोबर सोडतीच्या तिकिटाचाही स्पष्ट उल्लेख आहे. लोकांना हे पटत नाही. 'अहो वहिनी, अनाथ मुलांसाठी आहे, यात कसला जुगार?' असं म्हणत तिकीट हातात कोंबतात. चांगलं काम आहे म्हटल्यावर नाही म्हणणारा कंजूष ठरतो, आणि ज्याला नाही म्हणायलाच हवं त्याची सगळ्यात जास्त पंचाईत होते. आता देणगी मी देते आणि पावती माझ्या नावाची घेते. 'त्यांच्या नावानं एक तिकीट फाडतो' म्हणणाऱ्यालाही थांबवते. विकणाऱ्यांना एवढीच विनंती: कोणी एकदा नको म्हटलं तर कारण विचारू नका.

हौशी
वरचं सगळं मान्य. तरी मला नंबर पुकारताना होणारी धाकधूक आवडते, आणि तिच्यासाठी मी एक तिकीट घेणार. नाटकाचं तिकीट काढतो तसा तो मौजेचा खर्च, परत येईल ही अपेक्षा नाही. फक्त हल्ली खिशातले सुटे संपले की थांबायचं ही सोय गेली. फोनवर बोट टेकवलं की दहा तिकिटं. म्हणून ऑनलाइन सोडतीत कार्डाचा तपशील जतन करू देत नाही. स्वयंसेवकदादा, ऑनलाइन विक्रीत तुमची दर माणशी मर्यादा चालते का?

तिकीटवाला स्वयंसेवक
चालते. एका मोबाइल नंबरवर ठरावीकच तिकिटं निघतात. घरातल्या चौघांच्या नंबरवरून घेणारे भेटतात, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. कोणाकडे असेल तर सांगा.